एप्रिलमधले सात अंश

सकाळी सुनंदाची गाडी पहिल्याच चावीला सुरू व्हायची. भानगड व्हायची ती पुढं. चौक गावाहून कर्जतला पोचायचं, बाजारात दहा मिनिटं थांबायचं, पिशव्या घेऊन परत यायचं आणि चावी फिरवायची, की इंजिन नुसतं घरघरत राहायचं. पाच-सहा वेळा चावी फिरवल्यावर काळा धूर सोडत गाडी एकदाची जागी व्हायची. एप्रिलातल्या एका मंगळवारी तर तिनं बाजारातला रस्ताच अडवला. तीन रिक्षावाल्यांनी धक्का मारून गाडी कडेला घेतली. त्यातल्या एकाचा धुतलेला शर्ट धुरानं पार काळवंडला. तरी तो हसून "असू दे काकी" म्हणाला, आणि सुनंदाला उलट मेल्याहून मेल्यासारखं झालं.

सुनंदा एकसष्ट वर्षांची. रसायनीच्या एका केमिकल कारखान्यात, इन्स्ट्रुमेंटेशन खात्यात तिनं एकतीस वर्षं काढली होती. टाक्यांवरचे आणि पाइपांवरचे तापमान दाखवणारे सेन्सर खरं सांगतायत का, हे बघणं तिचं काम. निवृत्त झाल्यावर ती गाडी चालवायला शिकली आणि ही जुनी पेट्रोल गाडी तिनं घेतली. नवरा जगदीश एसटीचा निवृत्त ड्रायव्हर. तो शेजारी बसला की नसलेला ब्रेक पायानं दाबत राहायचा. बाजारातला प्रकार ऐकल्यावर तो म्हणाला, गाडी विकून टाकू, एसटी हाय की जायला. सुनंदानं कर्जतच्या चारफाट्याजवळच्या गॅरेजवाल्या अदनानला फोन केला.

अदनान तिशीतला, कमी बोलणारा मेकॅनिक. या गाडीचे प्लग त्यानं आधीच बदलले होते, एअर फिल्टरही साफ केला होता, आणि तरी गाडी सुधारली नव्हती याचं त्याला तिच्याइतकंच वाईट वाटत होतं. गाडी ओव्हर होतेय, म्हणजे इंजिनात गरजेपेक्षा जास्त पेट्रोल जातंय, एवढं त्याला धुराच्या वासावरून कळलं होतं. पण का, ते कळत नव्हतं. स्कॅनर लावला तर गाडीचा कॉम्प्युटर म्हणत होता, काही बिघाड नाही. शेवटी त्यानं सुनंदाला गाडी रात्रभर गॅरेजात ठेवायला सांगितलं.

बुधवारी सकाळी ती एसटीनं कर्जतला आली. अदनाननं इंजिन सुरू न करता नुसती चावी दिली आणि पुन्हा स्कॅनर लावला. पुन्हा तेच, बिघाड नाही. तेव्हा सुनंदानं, बिघाड राहू दे, मला आकडे दाखव, असं म्हटलं. अदनाननं स्क्रीन तिच्याकडं फिरवली. ती चष्मा लावून एकेक ओळ वाचत खाली गेली आणि एका ओळीवर थांबली. इंजिनातलं पाणी एकोणतीस अंश. इंजिनात जाणारी हवा सात अंश.

"अदनान, आपल्याकडं एप्रिलात कधी सात अंश असतं का रं?"

अदनान वाकून बघू लागला. हा आकडा त्यानं मागच्या वेळीही पाहिला असणार, पण कॉम्प्युटर गप्प, म्हणून तोही पुढं गेला होता. सुनंदानं त्याला समजावलं. कॉम्प्युटर ओरडतो ते अशक्य आकडा आला तर. सात अंश काही अशक्य नाही, काश्मीरात असतंच की. पण गाडी रात्रभर उभी आहे, म्हणजे पाणी आणि हवा जवळपास सारखी असायला हवीत. हवेचा सेन्सर थंडी सांगतोय, थंड हवा दाट असते म्हणून कॉम्प्युटर पेट्रोल वाढवतोय, आणि तापलेल्या इंजिनाला ते सोसत नाहीये. बोलता बोलता तिचा आवाज चढला. निवृत्तीनंतर तीन वर्षांत तिला कुणी एकही आकडा वाचायला दिला नव्हता.

अदनान खूश झाला. सेन्सर काढून आधी तपासू या का, असं त्यानं विचारलं. सुनंदानं हात उडवला. एकतीस वर्षं हेच केलंय मी, सेन्सर गेलाय, नवा मागव.

नवा सेन्सर शुक्रवारी पनवेलहून आला. अदनाननं तो बसवला, चावी दिली आणि दोघं स्क्रीनकडं बघत राहिले.

सात अंश.

सुनंदाचे कान गरम झाले. कारखान्यात नव्यानं आलेल्या प्रत्येक पोराला आणि पोरीला तिनं पहिल्याच दिवशी सांगितलेलं असायचं, सेन्सरला दोष द्यायच्या आधी तो तपासा. आणि आज तिनंच ते केलं नव्हतं.

"चुकलं माझं," ती म्हणाली. "तू म्हणालास तेव्हाच तपासायला पायजे होतं."

"मी तरी कुठं धरून बसलो, मावशी? आता तपासू."

तो समोरच्या टपरीवरून एका ग्लासात उकळतं पाणी आणि दुसऱ्यात बर्फाचं पाणी घेऊन आला. सुनंदानं जुन्या सेन्सरला मल्टिमीटर जोडला. तिचा हात अजून सरावाचा होता. असल्या सेन्सरचा रेझिस्टन्स, म्हणजे विजेला होणारा अडथळा, थंडीत वाढतो आणि उष्णतेत कमी होतो. बर्फाच्या पाण्यात आकडा चढला, गरम पाण्यात झपकन उतरला, अगदी जेवढा हवा तेवढाच. जुना सेन्सर ठणठणीत होता.

मग गडबड सेन्सर आणि कॉम्प्युटर यांच्या मधेच कुठंतरी, सुनंदा म्हणाली. वाटेत फुकटचा अडथळा वाढला, तर कॉम्प्युटरला ती थंडीच वाटणार. हे ऐकताच अदनान बॉनेटखाली वाकला. सेन्सरला जोडायचं प्लास्टिकचं कनेक्टर त्यानं मोबाइलच्या उजेडात धरलं आणि बराच वेळ आत बघत राहिला. आत दोन बारीक पिना होत्या. एक चकचकीत. दुसरी तांब्याच्या जुन्या भांड्यासारखी हिरवी पडलेली.

"इंजिनावर कधी पाणी मारलंवतं का?" त्यानं विचारलं.

सुनंदाला आठवलं. दसऱ्याला गाडीची पूजा करायची म्हणून जगदीशनं बॉनेट उघडून, एसटीच्या डेपोत बस धुतात तसा पाइपचा जोरदार फवारा इंजिनावर मारला होता, आणि वर फडकं फिरवून, बघ कसं लखलखतंय, म्हणाला होता. तिनं हे सांगितलं तेव्हा अदनानला हसू आवरेना. मग तीही हसली. इतकी, की टपरीवाला बाहेर येऊन बघू लागला.

पाण्यानं गंजलेली ती हिरवी पिन, म्हणजेच तो फुकटचा अडथळा, साफ करायला घेतली तर ती तुटूनच पडली. अदनाननं भंगाराच्या डब्यातून तसंच एक कनेक्टर शोधलं, तारा जोडल्या, टेप गुंडाळली. पुन्हा चावी. चौतीस अंश. त्यानं सेन्सर पाइपातून बाहेर काढून चिमटीत धरला तसा आकडा सरकला, पस्तीस, छत्तीस. मग त्यानं तो सुनंदाच्या हातात दिला. तिनंही तो तसाच चिमटीत धरला आणि दोघं लहान पोरांसारखे आकडा हलताना बघत राहिले.

जुनाच सेन्सर परत बसवून नवा दुकानदाराला परत पाठवायचं ठरलं. खरी परीक्षा बाकी होती. सुनंदा पळसदरीपर्यंत गाडी दामटून आली आणि भर दुपारच्या उन्हात तिनं ती गॅरेजसमोर बंद केली. दहा मिनिटं दोघांनी कोकम सरबत घेतलं. मग तिनं चावी फिरवली. गाडी लगेच सुरू झाली, धूर नाही की वास नाही. अदनाननं तिच्या खिडकीशी येऊन विचारलं, पुढच्या वेळी असली कॉम्प्युटर गप्प बसलेली केस आली तर फोन करू का? सुनंदा म्हणाली, कर की. वाटेत तिला कळलं, आपण मघापासून गुणगुणतोय.

घरी तिनं जगदीशला सगळं सांगितलं, स्वतःची चूक आधी आणि दसऱ्याची आंघोळ नंतर. तो उठून अंगणात गेला, बॉनेट उघडलं आणि दोन्ही हात पाठीमागं बांधून आत बघू लागला. तो सेन्सर नेमका कुठं हाय, त्यानं विचारलं. तिनं बोट दाखवलं.

"एवढासा?" जगदीश म्हणाला.

रविवारी नेरळला बहिणीकडं जायचं त्यानंच काढलं. एसटीचं नाव घेतलं नाही. वाटेत दोनदा त्याचा पाय ब्रेकसाठी हलला, पण ती सवय त्याची, गाडीचा त्यात काही दोष नव्हता.