रजेवरचं गवत

“जरा सरक. तुझी सावली पडतेय,” बाबा म्हणाले.

आई सरकली. इस्पितळाच्या मागे, बॉयलरच्या खोलीला लागून उन्हाची एक चिंचोळी पट्टी होती. अकरा ते दोन तिथे ऊन यायचं, मग इमारत आडवी यायची. जेवणाच्या सुट्टीत आई तिथे विटेवर टेकली होती आणि तिची सावली गवताच्या दोन चौकोनांवर पडत होती. बाबांनी आणखी सरकायला सांगितलं, तेव्हा ती पार भिंतीच्या सावलीत जाऊन बसली. मग बाबांचं समाधान झालं.

बाबा इस्पितळाचे माळी, आई तळघरातल्या धुलाईखान्यात चादरी धुणारी आणि मी केसपेपरच्या खिडकीवर. राहायला त्याच आवारात दोन खोल्या. त्या खोल्यांना ऊन म्हणजे काय ते ठाऊक नव्हतं.

दर्शनी बाजूला एक अवाढव्य झाड आणि त्याच्याखाली हिरवळ. मोठ्या डॉक्टरांचा त्या हिरवळीवर भारी जीव. आता असल्या झाडाखाली गवत धरत नाही, हे कुणीही सांगेल. वरून ऊन नाही, खालचं पाणी मुळं पिऊन टाकतात, आणि पानगळीचे दोन महिने पानांचा असा मारा, की दोन दिवस साचून राहिली तर गवत कुजलंच. बाबांनी सगळे उपाय केले. खालच्या फांद्या विरळ केल्या, गवत उंच राखलं, सकाळी मुरेस्तोवर पाणी दिलं, दिवसातून दोनदा पानं ओढली. तरी बुंध्याभोवतीचं गवत पिवळं पडायचंच. शेवटी त्यांनी एक युक्ती काढली. दोन-दोन वितींचे चौकोन कापून मातीसकट उचलायचे. वीस दिवस झाडाखाली, वीस दिवस मागच्या उन्हात. “हे ड्यूटीवर, ते रजेवर,” बाबा म्हणायचे. चौदा वर्षं ही अदलाबदल चालली होती आणि मोठ्या डॉक्टरांना तिचा पत्ता नव्हता.

आईला एकतीस वर्षांत मोठी रजा दोनदाच मिळाली. एकदा माझ्या जन्माला आणि एकदा आजी गेली तेव्हा.

मी सांगतेय त्या वर्षी इस्पितळातल्याच हाडांच्या डॉक्टरांनी तिला सांगितलं, “हाडं ठिसूळ झालीत. गोळ्या देतो, पण रोज अर्धा तास ऊन घ्या.” ऊन होतं त्या एका पट्टीवर, आणि पट्टीवर गवत रजेवर होतं.

“इस्पितळाची तपासणी समिती येऊन जाऊ दे,” बाबा म्हणाले. “मग बस हवं तितकं. मला नोकरीत मुदतवाढ मिळाली नाही तर या खोल्या सोडाव्या लागतील. हे सगळं मी कुणासाठी करतोय?”

“मी कुठे काय म्हणाले?” आई म्हणाली.

“आई, तू पण चौकोन हो,” मी म्हणाले. “म्हणजे वीस दिवस उन्हात ठेवतील तुला.”

तिघंही हसलो. आई सगळ्यात जास्त हसली. ते हसणं मला अजून छळतं.

समिती यायच्या दिवशी सकाळी वारा सुटला आणि तासाभरात हिरवळ पानांनी झाकून गेली. आदल्या संध्याकाळीच बाबांनी ताजे चौकोन बसवले होते, अजून मुळं धरली नव्हती. दाताळं लावलं असतं तर सगळे उचकटले असते. म्हणून हाताने पानं वेचायची ठरलं. आईलाही तळघरातून बोलावून घेतलं. ओल्या हातांनी ती आली, वाकून ओटीभर पानं गोळा केली, वळली, आणि तिचा पाय दोन चौकोनांच्या सांध्यात अडकला. पडल्याचा आवाजसुद्धा मोठा झाला नाही.

बाबा धावत आले आणि गुडघ्यांवर बसले. त्यांनी आधी उचकटलेला चौकोन जागेवर ठेवला, तळव्याने दाबला, कडेची माती बोटाने सारखी केली. मग आईकडे वळले.

“बसला का नीट?” आईने विचारलं.

“बसला.”

फाटकाशी गाडीचा हॉर्न वाजला. आम्ही आईला उचलून मागच्या दाराने आत नेलं, समितीच्या नजरेला पडायला नको म्हणून.

समितीने हिरवळीची तोंडभरून स्तुती केली. बाबांना दोन वर्षांची मुदतवाढ मिळाली. आईचा मोडलेला खुबा काही सांधला नाही. धुलाईखान्याने तिला कायमचं मोकळं केलं आणि ती आमच्या आतल्या खोलीत खाटेला खिळली. बाबांनी तिचं सगळं केलं, हे कबूल करायला हवं. पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून दर दोन तासांनी ते तिची कूस बदलायचे. चौकोन उचलताना घालतात तसा सपाट हात तिच्या पाठीखाली घालायचे, कुठे कड मोडू न देता. मला ते बघवायचं नाही. बाबांचा राग यायचा, आणि कामाला जायच्या आधी त्यांनीच केलेला चहा मी पिऊन जायचे.

दीड महिन्याने एका दुपारी आई म्हणाली, “मला जरा बाहेर न्या ना. समिती तर कधीच गेली.”

बाबांनी एक बाजू धरली, मी दुसरी. पट्टीवर मोकळी जागा नव्हती, खाट चौकोनांवरच टेकवावी लागली. आईने डोळे मिटले. तोंडावर ऊन आलं तसे तिचे आवळलेले ओठ सैल झाले. गालांना किंचित रंग आला. इतक्या वर्षांत मी तिला उन्हात अशी स्वस्थ कधी बघितलीच नव्हती.

बाबा थोडा वेळ उभे राहिले. मग उकिडवे बसून खाटेखाली वाकून बघू लागले. खाटेखाली सहा चौकोन होते आणि सहाही सावलीत.

“यांना सोमवारी ड्यूटीवर जायचंय,” ते माझ्याकडे न बघता पुटपुटले.

आईने डोळे उघडले.

“झाला का अर्धा तास?”

समोरच्या भिंतीवर इस्पितळाचं मोठं घड्याळ होतं. खाट ठेवून अठरा मिनिटं झाली होती. पडल्या पडल्या आईला ते दिसत नव्हतं.

“झाला,” मी म्हणाले, आणि खाटेची माझ्याकडची बाजू उचलली.