डिग्रीतच ठेव

हे सांगितलं तर कोणी विश्वास ठेवणार नाही. आमच्या पार्वताबाईनं तर ऐकायच्या आधीच ठेवला नाही. बायकोच ती. पण अख्ख्या वऱ्हाडात क्याल्क्युलेटर पारखावा तर या खुशालरावानंच.

त्याचं असं झालं. आमची नात अपेक्षा अमरावतीला पॉलिटेक्निकमध्ये, सिव्हिलला. सर्व्हेचा पेपर तोंडावर आलेला आणि तिचा क्याल्क्युलेटर चहात पडून वारला. मी त्या दिवशी अकोल्यात होतो. तिचा फोन आला, "आबाजी, सायंटिफिक आणजा. साधा आणसान तं मी गेली कामातून!"

दुकानदार धर्मेंद्रनं माझ्यापुढे तीन डबे मांडले. पहिला स्वस्तातला. नाव मोठ्या कंपनीसारखं, एक अक्षर तेवढं इकडचं तिकडं. बटणं इतकी टणक की अंगठा दुखावा, आणि एक भागिले तीन केलं की नुसती तीनांची रांग. दुसरा त्याच्या तिप्पट किमतीचा. पण अपूर्णांक वहीत लिहितात तसा एकाखाली एक दाखवायचा, आत सेल आणि कपाळावर सोलरची पट्टी. तिसरा सगळ्यांत महाग, आलेख काढणारा. तो पाहून मी हरखलोच.

"हा नका नेऊ काकाजी," धर्मेंद्र म्हणाला. "याच्यात प्रोग्राम साठवता येते. परीक्षेत घेऊन बसूच नाई देत."

"मंग कायले दाखवून राहिला लेका?"

"तुमीच हात लावला ना!"

मी मधला उचलला. दाबून पाहिला, हलवून पाहिला, कानाला लावून पाहिला. धर्मेंद्र विचारतो, "डिग्रीत ठेवू का रेडियनमध्ये?"

आता रेडियन कोणत्या कॉलेजात शिकवतात, मला काय ठाऊक? मी छाती काढून म्हटलं, "डिग्रीतच ठेव! सध्या डिप्लोमात हाये पोरगी, पण आमच्या खानदानातली पयली डिग्री तिचीच."

तो हसला, पण ठेवला डिग्रीतच. आणि तेच कामी आलं. पेपरात मनोऱ्याची उंची काढायची होती, कोन तीस अंशांचा. अर्ध्या वर्गाची यंत्रं डिग्रीऐवजी रेडियनवर, कोनाच्या दुसऱ्याच मापावर. त्यांचे मनोरे वजा चिन्ह घेऊन जमिनीत घुसले. आमच्या अपेक्षाचा उभा राहिला, ताठ. सर्व्हेत कॉलेजात पहिली!

निकालाच्या दिवशी ओट्यावर पेढे वाटले. अर्धं गाव जमलेलं, मग माझीही जीभ थांबेना. शेजारच्या जानरावांना म्हटलं, "अकोल्यावरून येतानी थो क्याल्क्युलेटर मी एसटीच्या खिडकीत धरला. अकोल्याचं ऊन थे! बडनेऱ्यापर्यंत एवढा भरला का बटन न दाबता कंडक्टरले हिशोब सांगाले लागला."

"बाप्पा! मंग?"

"मंग काय, ऐन पेपरात लाइट गेली. मिट्ट अंधार. पोरीनं थो वर धरला, तं साऱ्या हॉलमंदी उजेड! सर म्हणे, अपेक्षा, हात खाली नको करू बाई, पोरं लिहून राहिली."

जानरावांचा पेढा हातातच राहिला. तेवढ्यात पेढ्यांचं ताट घेऊन फिरणारी भावना, अपेक्षाची वर्गमैत्रीण, मागून ओरडली, "ओ आबाजी! लाइट गेलती खरी, पंखे बंद पडले अन् आमी घामानं भिजलो. पण पेपर भरदुपारी होता, अन् अपेक्षा माह्या पुढच्याच बाकावर. अंधार कोठून आणला तुमी?"