पोचपाळी

"सांडपाणीच हाय ते, जोतीराम. आमचं भरून उरलं तर जाईल खाली. न्हाय उरलं तर न्हाय."

झुंबरआबांनी फावड्यानं ढेकळं दाबली आणि चारीचं पाणी पुन्हा आपल्या उसात वळवलं. अंथुर्ण्याच्या त्या चारीचा पाटकरी जोतीराम काठावरून बघत राहिला. पाणी वाटून द्यायचं काम त्याचं. पण बोलायचं काय? आबा काही वाईट माणूस नव्हे. कुणाचं अडलं तर स्वतःची बैलगाडी जुंपून धावणारा गडी. पण सांडपाणीच म्हटल्यावर ते अडवलं म्हणून कुणाच्या मनाला लागावं?

सगळा घोळ त्या नावाचा होता. वरच्यांची पहिली पाळी, त्याखालच्यांची मधली, आणि मग चुकूनमाकून टोकाला जाईल ते सांडपाणी. टोकाला म्हाळसा एकटी राहायची. नवरा कधीच गेलेला, लेक नरसिंहपूरला दिलेली. एवढ्याशा तुकड्यात वांगी-मेथी पिकवायची आणि बारामतीच्या बाजारात पाटी घेऊन बसायची. यंदा वांगी माना टाकायला लागली होती. ती वाळली तर रान विकून लेकीच्या दारात जाऊन पडायचं, एवढंच तिच्या हाती उरलं होतं. जोतीरामाचा जीव तुटायचा. का तुटायचा ते त्याचं त्याला ठाऊक, आपण कशाला उकरून काढा?

त्यानं नाव बदलायचं ठरवलं. चावडीसमोर उभा राहून खड्या आवाजात सांगितलं, "उद्या म्हाळसाबाईची पाळी हाय. कुनी मधी येऊ नगा."

पारावरचे गडी एकमेकांकडं बघायला लागले. विहिरीवरच्या बायांनी तोंडात पदर कोंबले. आपण काय बोलून बसलो हे या भल्या माणसाला घरी जाऊन भाकरी मोडताना उमगलं.

दुसऱ्या दिवशी म्हाळसा स्वतःच चारीवर आली.

"जोतीतात्या, माझं नाव काढा त्या पान्यावरनं."

"चुकलंच माझं, बाई. लोक हसली."

"हसू द्या, त्यास्नी तरी दुसरं काय काम हाय." तिलाही हसू येत होतं. मग ती गंभीर झाली. "पर उद्या मी गेले, की ती पाळी बी माझ्यासंगं गेली. मागनं जो कुनी तितं येईल, त्यो कोरडाच. पानी माझं न्हाय, टोकाचं हाय."

"मग शेवटची पाळी म्हनू?"

"शेवटचं म्हनलं की उरलंसुरलंच आलं." ती बांधावर टेकली. "पानी सुटलं, पानी सुटलं म्हनून समदी वरडत्यात. पोचलं का, ते कुनी इचारतं का?"

जोतीराम हळूच म्हणाला, "पोचपाळी."

"व्हय," म्हाळसा म्हणाली. "आसं म्हना."

पुढच्या खेपेला आबांनी फावडं उचललं आणि थबकले.

"आता कसली पाळी म्हनायची ही?"

"पोचपाळी, आबा. टोकाला पानी लागल्याबिगर ती सरत न्हाय."

"आन् आजून पोचलं न्हाय?"

"न्हाय."

आबांनी चारीच्या टोकाकडं नजर टाकली. "मग मधीच कसं तोडावं," असं काहीसं पुटपुटत त्यांनी ढेकळं बाजूला सारली. त्या संध्याकाळी वांग्यांनी माना वर काढल्या.

नाव रुळलं. ते कुणी काढलं हे लोक विसरूनही गेले. म्हाळसा रान न विकता आपल्याच घरात, आपल्याच अंथरुणावर गेली. लेकीनं तो तुकडा गावातल्या सावळारामाला वाट्यानं दिला.

त्यानंतरच्या पहिल्या पोचपाळीला जोतीराम चारीच्या काठाकाठानं टोकापर्यंत चालत गेला. घराला कडी होती. म्हाळसा बसायची तो बांध रिकामा होता आणि वाफे सावळारामानं नव्यानं ओढले होते. जोतीरामाला वाटलं, तिच्यामागंही पाळी टोकाला येते आहे, हे तिनं एकदा तरी बघायला हवं होतं.

वरून झुंबरआबांची हाक आली, "जोतीराम, पोचलं का?"

पाणी वाफ्यात शिरलं, कोरडी माती काळी होत बांधाला लागली, तिच्या बसायच्या जागेपर्यंत आली. त्यानं टोपीनं डोळे पुसले.

"पोचलं, आबा."