तुरळक ठिकाणी

मी आंजीच्या बसथांब्यावरचा हवामानाचा फळा बोलतोय. दचकू नका, छत्रीही शोधू नका. आज माझ्यावर 'हवामान कोरडे राहील' एवढंच लिहिलं आहे.

जन्माने मी शाळेचा. शाळेत पांढरा, गुळगुळीत फळा आला आणि मला जिन्याखाली उभं केलं. तिथून मला दत्तोपंतांनी आणलं. हे पाटबंधारे खात्यातले निवृत्त मुख्य लिपिक. घरी त्यांना कोणी मसुदा करायला देईना, म्हणून त्यांनी मला प्रेमदासच्या चहाच्या हॉटेलाबाहेर टांगलं आणि दर शुक्रवारी माझ्यावर आठवड्याचा सरकारी अंदाज उतरवायला सुरुवात केली. अक्षर असं, की वीज पडण्याची शक्यतासुद्धा देखणी दिसे.

"मूळ मजकुरातला काना हलवायचा आपल्याला अधिकार नाही," असं ते म्हणत.

लोक मला वाचत, म्हणजे चहा येईपर्यंत वाचत. 'ताशी पन्नास किलोमीटर वेगाने वारे' वाचून प्रेमदास म्हणायचा, "काकाजी, आपली एसटी बी एवढी पळत नाई. वाऱ्यालेच तिकीट फाडून द्या." 'अंशतः ढगाळ' म्हणजे किती ढगाळ, हे मात्र कोणी विचारलं नाही. न समजलेला शब्द विचारण्यापेक्षा समजल्यासारखी मान हलवणं माणसांना सोपं जातं. हे मी शाळेपासून बघत आलोय.

गेल्या एप्रिलमध्ये माझ्यावर असं होतं : 'तुरळक ठिकाणी मेघगर्जना, वादळी वाऱ्यासह पाऊस व गारपिटीची शक्यता.'

अनुसयाबाई सावंगीच्या गाडीची वाट बघत उभ्या होत्या. सून आचल तिथल्या दवाखान्यात बाळंत झालेली, मुलगा निकेश तिच्याजवळ. घरी कोणी नाही आणि खळ्यावर शिजवलेली हळद उन्हात पसरलेली. वर्षभराच्या कष्टाची हळद ती. परत जाऊन ती गोळा करावी, ताडपत्री टाकावी, की नातीचं तोंड बघायला जावं?

"काकाजी, तुरळक म्हंजे?"

दत्तोपंत माझ्यावरच्या 'गर्जने'चा रफार नीट करत होते. "तुरळक म्हणजे तुरळक, अनुसयाबाई."

"शिंतोडे पडन, मावशी," प्रेमदासने गाळणी झटकत खुलासा केला. "घाबरून काऊन राह्यली? नातीले पाहून ये."

तुरळक ठिकाणं असतात, पाऊस नव्हे, हे दत्तोपंतांना ठाऊक होतं. पण त्यांचा रफार अजून व्हायचा होता. गाडी आली, अनुसयाबाई बसल्या.

दुपारी वारा पडला. पान हलेना. मग पश्चिमेकडून धुळीची भिंत आली, मागून जांभळं आभाळ, आणि विजा अशा की हॉटेलातले कप बशीत वाजले. बोराएवढ्या गारांनी माझ्यावरचं अक्षर न् अक्षर धुऊन नेलं. ओढ्याच्या अलीकडची खळी पाण्याखाली गेली. पलीकडे धूळसुद्धा ओली झाली नाही. अंदाज तंतोतंत खरा ठरला होता.

दुसऱ्या दिवशी अनुसयाबाईंनी मूठभर काळपट, चिकट हळकुंडं माझ्या खडूच्या पट्टीवर ठेवली.

"हे घ्या काकाजी, तुमचं तुरळक."

आवाज चढवला नाही. नात कशी आहे, असं प्रेमदासने खालच्या मानेने विचारलं, तर "चांगली हाय" म्हणाल्या.

पुढच्या शुक्रवारी पुन्हा तेच वाक्य आलं. दत्तोपंतांनी ते उतरवलं, पण खडू खाली ठेवला नाही. आचलला घरी आणायला निघालेल्या अनुसयाबाई थांब्यावर होत्या.

"अनुसयाबाई, हे कसं लिहिलं असतं म्हणजे तुम्हाला कळलं असतं? तुम्ही सांगा, मी लिहितो."

बाईंनी पदर सावरला. "लिवा. सगळीकडं पडनार नाई. पन ज्याच्याकडं पडन, त्याच्याकडं लय पडन. हळद झाकून जाजो."

दत्तोपंतांनी तसंच लिहिलं. खाली, सवयीने : 'अनुसयाबाईंच्या आदेशावरून.'

"काकाजी, शुद्धलेखन?" प्रेमदासने डिवचलं.

"मूळ मजकूर आहे. हात लावायचा नाही."

त्या शुक्रवारी गाडी आली तरी दोघं-तिघं चढले नाहीत. खळ्याकडे परतले.

आता माझ्या कडा फुगल्यात, काळा रंग पोपडे धरतोय. अंदाज ज्याच्या त्याच्या खिशात वाजतो. माझ्या जागी फ्लेक्स लावायचा प्रेमदासचा विचार आहे. लावू दे. माझं मागणं एवढंच, की शब्द अडला तर गाडी येण्याआधी विचारा, आणि कोणी विचारलं तर रफार जरा राहू द्या.

हळकुंडं केव्हाच उचलली, पण पट्टीवरचा डाग गेलेला नाही. खडू त्यावरच पडून असतो. म्हणून दर शुक्रवारी माझ्यावरचं पहिलं अक्षर किंचित पिवळं उमटतं. दत्तोपंत ते पुसून पुन्हा लिहीत नाहीत.