कानात सांगितलेला सिनेमा

मास्तर चित्रकलेचे शिक्षक म्हणून निवृत्त झाले आणि फिल्म क्लबच्या मासिक पत्रकात ‘नुकतेच पाहिलेले’ हे पान लिहू लागले. परदेशी सिनेमाच्या बाबतीत त्यांचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. वर्षभरापूर्वी मात्र त्यांची नजर गेली. पडद्यावरचा उजेड कळायचा, चेहरे कळायचे नाहीत, आणि खालची अक्षरं तर मुळीच नाहीत. हे फक्त त्यांच्या धाकट्या बहिणीला ठाऊक होतं. ती त्यांच्याच घरी राहून शिवणकाम करायची.

दर रविवारी दुपारी ती मशीन झाकायची, त्यांच्यासोबत क्लबच्या खेळाला शेवटच्या रांगेत बसायची आणि दोन तास त्यांच्या कानात सिनेमा सांगायची. म्हातारा दार उघडतोय. बाई म्हणतेय, पत्र आलंच नाही. आता नुसती खिडकी. अजून खिडकीच. लोकांना वाटायचं, मास्तर बहिणीला सिनेमा समजावून देतात. मास्तरांनी तो समज मोडला नाही.

घरी आल्यावर मास्तर सांगायचे, ती उतरवून घ्यायची. ‘इथे माणसांच्या ऐवजी खिडकीच रडते’ हे वाक्य तिचं होतं. लोकांनी ते मास्तरांना पाठ म्हणून दाखवलं. तिला त्याचं वाईट वाटलं नाही, उलट बरंच वाटलं.

मग एका रविवारी मास्तरांनी सांगितलं, लिही: ‘माझ्या शेजारी एक बाई बसतात. पडद्यावर कुणी रडलं की त्याही रडतात. अशांनी या सिनेमांच्या वाटेला जाऊ नये. गाढवाला गुळाची चव काय.’

तिचं पेन थांबलं. “हे गाळू या का, दादा?”

“राहू दे. लोकांना असलं आवडतं. तुझं नाव कुठे घेतलंय?”

तिने लिहिलं, ऱ्हस्वदीर्घ तपासलं आणि छापायला नेऊन दिलं. मास्तरांच्या शेजारी कोण बसतं हे सगळ्यांना माहीत होतं. पत्रक निघाल्यावरच्या रविवारी ती आत आली तेव्हा दोन रांगा तोंडावर हात ठेवून हसल्या.

त्या दिवशीचा सिनेमा एका नावाड्याचा होता. शेवटी त्याची मुलगी नदीत उतरते आणि वर येत नाही. बहिणीने कानात सांगितलं, मुलगी बाहेर आली. बाप तिचे केस पुसतोय. दोघं हसतायत.

दिवे लागले. नेहमीप्रमाणे बोलायला सगळ्यांत आधी मास्तर उठले. बापलेकीच्या त्या हसण्यावर ते पाच मिनिटं बोलले, आणि छान बोलले. आधी कुणीतरी खाकरलं, मग खसखस पिकली. क्लबच्या सेक्रेटरींनी अदबीने विचारलं की कुठलं हसणं, मुलगी तर बुडाली.

मास्तर बहिणीच्या दिशेला वळले. “अगं, तू सांग ना यांना.”

ती उभी राहिली. आवाज चढवला नाही. “दादाला दिसत नाही,” ती म्हणाली. “वर्ष झालं. तुम्ही वाचता ते सगळं मी बघितलेलं असतं.”

आता कुणी हसलं नाही. मास्तर चाचपडत खुर्चीचा हात शोधत राहिले. तो तिने त्यांना शोधून दिला नाही.

पान बंद पडलं नाही. सेक्रेटरींनी ते बहिणीला दिलं. रविवारी ती एकटीच जाते, पुढे बसते. परतल्यावर मास्तर विचारतात, आज काय होतं?

“बरा होता,” ती सुईत दोरा ओवत म्हणते.

शेवट काय झाला, ते पुन्हा विचारतात. शेवट ती सांगते. तो खरा की खोटा, हे विचारायचा धीर त्यांना होत नाही.