आडोशाचा बैल

मी एक म्हातारा बैल आहे, मित्रांनो. नाव भुऱ्या. उजव्या कानाने ठार बहिरा आहे, तेव्हा ज्याला काही विचारायचं असेल त्याने माझ्या डाव्या अंगाला उभं राहावं. बैलाची गोष्ट म्हटली की तुम्हाला नांगर आठवेल, मोट आठवेल, नाहीतर शंकरपटात धुरळा उडवत पळणारी जोडी आठवेल. मी यातलं काहीच केलं नाही. माझ्या मानेवर जू कधी चढलंच नाही. माझं काम फक्त चरण्याचं होतं. "मग काय, मजा आहे तुझी," असं म्हणायची घाई करू नका. आधी ऐकून घ्या.

मानोऱ्याच्या डोंगराळ भागात एक लमाण तांडा आहे. तिथे लखमाच्या गोठ्यात, तांबडी नावाच्या गाईच्या पोटी मी जन्मलो. लखमाचे वाडवडील बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलूखभर हिंडायचे. पुढे आगगाडी आली आणि ते बैल रिकामे झाले, माणसंही रिकामी झाली. लखमा जमिनीचा एक बरड तुकडा कसायचा आणि तांड्याची ढोरं राखायचा. त्याची बायको रामीबाई मोठी फटकळ. ढोरांना शिव्या दिल्याशिवाय तिच्या हातून चारा पडत नसे, पण तो चारा घरच्यांच्या भाकरीआधी पडत असे.

मी ऐन उमेदीत आलो तेव्हा लखमाने मला कळपातून वेगळं काढलं. त्याच्या बापाकडून आलेली एक विद्या त्याच्याकडे होती. रानातलं हरीण, सांबर, चितळ माणसाला दोन शेतांवरून ओळखतं आणि पळतं. पण चरणाऱ्या बैलाकडे ते मान वर करूनही बघत नाही. एकाच रानात दोघांची पोटं भरतात, मग भीती कसली? म्हणून शिकारी बैलाच्या खांद्याआड वाकून चालतो. बैल चरत चरत पुढे सरकतो, थांबतो, पुन्हा सरकतो. हरीण टप्प्यात आलं की बैलाच्या पाठीवर बंदुकीची नळी टेकते. अशा बैलाला आडोशाचा बैल म्हणतात. तो मी.

शिकवणं सोपं नव्हतं. नाकातली दोरी हलकेच ओढली की थांबायचं. वशिंडाखाली खाजवलं की खाली मान घालून खायचं, मग तिथे गवत असो की नुसते गोटे. सगळ्यात अवघड होतं ते बंदुकीच्या आवाजाला न बुजणं. तांड्याच्या नाईकाकडे ठासणीची एक बंदूक होती. पहिल्यांदा ती माझ्या पाठीवरून उडाली तेव्हा मी खुंटा उपटून पळालो. दुसऱ्यांदा त्यांनी माझे चारही पाय बांधले. बार झाला की लखमा गुळाचा खडा तोंडात घालायचा. दिवाळीपासून होळीपर्यंत हे चाललं. होळीला मी बार होताच गुळासाठी तोंड वळवू लागलो आणि उजव्या कानाला काही ऐकू येईनासं झालं.

पहिली शिकार एका चितळ मादीची. तिने मला पाहिलं, कान हलवले आणि पुन्हा खाली मान घातली. मी तिच्याकडे पाहत पाहत पुढे गेलो. बार झाला, ती पडली आणि मी गूळ खाल्ला. त्या दिवशी तांड्यात प्रत्येक घरी मटण शिजलं. रामीबाईने माझ्या कपाळाला हळदीकुंकू लावलं आणि म्हणाली, "शाना हाय माह्या भुऱ्या. माणसाले जमत नाई ते यानं केलं." मला फार बरं वाटलं. खोटं कशाला बोलू?

वर्षातून चार-सहा वेळा, पोटापुरती, अशी शिकार व्हायची. पण रानातल्या गोष्टी रानात राहत नाहीत. माझी कीर्ती इजारदार दौलतसिंगच्या कानावर गेली. आमच्या तांड्यापासून दोन कोसांवरचं गाव त्याच्याकडे इजाऱ्याने होतं, म्हणजे तिथली जमीन, गवत, पाणी आणि टेकडीवरचं रान, सगळ्यावर हुकूम त्याचा. माणूस शिकारीचा वेडा. त्याच्या बैठकीत भिंतीवर शिंगंच शिंगं होती. फक्त टेकडीवरच्या एका मोठ्या सांबराने त्याला तीनदा चकवलं होतं, आणि ते दुःख तो येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवायचा.

त्या साली पाऊस लवकर उलटला. माघातच कुरणं सफाचट झाली. तांड्याची चाळीस-पन्नास ढोरं एका दुपारी इजारदाराच्या रानात घुसली. त्याच्या गड्यांनी ती हाकत नेली आणि दगडी कोंडवाड्यात घातली. मी त्या दिवशी पायात काटा मोडल्यामुळे घरीच होतो, म्हणून वाचलो. माझी आई तांबडी आत गेली.

लखमा आणि रामीबाई मला घेऊन इजारदाराच्या दारात गेले तेव्हा ढोरांना पाण्याविना दुसरा दिवस लागला होता. कोंडवाड्याच्या भिंतीला लागून बाहेर हौद होता, काठोकाठ भरलेला. आतल्या ढोरांना पाण्याचा वास येत होता. ती भिंतीवर डोकी आपटत होती.

"मालक, सजा करा, पन आधी पाणी पाजू द्या," लखमा हात जोडून म्हणाला. "मरून जातीन ढोरं."

दौलतसिंग माझ्याकडे बघत होता. "हाच काय तो बैल? उद्या मले त्या सांबराच्या पन्नास पावलांवर ने. सांबर पडलं की ढोरं सोडतो."

"अन तोवर पाणी?"

"तोवर कायचं पाणी? लवकर दाखव सांबर."

रामीबाईने पदर खोचला. "हौद भरून हाय अन मुकं जनावर तडफडून राह्यलं. तुमाले लेकरंबाळं हायेत का नाई?" गड्यांनी तिला ढकलून फाटकाबाहेर काढलं.

दुसऱ्या दिवशी फटफटताना आम्ही टेकडीखालच्या नाल्याकडे निघालो. सांबर पहाटे पाण्यावर उतरायचं आणि उजाडल्यावर चरत चरत वर जायचं, हे लखमाला ठाऊक होतं. आवाज नको म्हणून लखमाने दौलतसिंगला बूट काढायला लावले, तेव्हा तो काट्यांवरून पुटपुटत, शिव्या देत चालू लागला. लखमा माझ्या खांद्याआड सहज मावायचा. दौलतसिंगचं पोट मावेना. शेवटी त्याला माझ्या शेपटीकडे वाकवून उभं केलं.

वारा तोंडावर होता. नाल्याच्या वळणावर सांबर दिसलं. एवढं मोठं जनावर मी आधी पाहिलं नव्हतं. काळपट अंग, मानेवर राठ आयाळ, अडीच-अडीच हातांची शिंगं. आमची चाहूल लागताच त्याने मान वर केली आणि पुढचा पाय जमिनीवर आपटला. एवढ्यात गावाच्या बाजूने ढोरांचा हंबरडा आला. माझ्या एकाच कानाला तो ऐकू आला, पण त्यात आईचा आवाज मी ओळखला. सांबरानेही तो ऐकला. गाई हंबरतात, बैल चरतो आहे, म्हणजे सगळं ठीक आहे, असं त्याला वाटलं असावं. त्याने पाय आपटणं थांबवलं. तहानेने ओरडणाऱ्या माझ्या आईनेच त्याची खात्री पटवली, मित्रांनो.

वशिंडाखाली लखमाची बोटं खाजवू लागली. तिथे गवताची काडी नव्हती, नुसता सागाचा वाळका पाला होता. मी एकदा मान झटकली असती, एक फुरफुर केली असती, तर ते जनावर डोंगरापार गेलं असतं. मला ते कळत होतं. बैलाला काय कळतं, असं म्हणून मला सोडून देऊ नका. मी खाली मान घातली आणि तो कडू पाला चावू लागलो. सांबराने मला नीट पाहून घेतलं आणि तेही चरू लागलं. आम्ही सत्तर पावलांवर आलो, साठ, पन्नास. माझ्या पाठीवर गार नळी टेकली.

गोळी कमरेत लागली. सांबराचे मागचे पाय गेले. पुढच्या दोन पायांवर ते स्वतःला ओढू लागलं, आणि मित्रांनो, ते कुठे गेलं असेल? माणसापासून लपायला ते माझ्याकडे आलं. त्या उघड्या नाल्यात त्याला आडोसा म्हणून मीच दिसलो. माझ्या पुढच्या पायांशी येऊन ते पडलं आणि माझ्या छातीला त्याने तोंड टेकलं. त्याचा श्वास मला लागत होता.

"मालक, आनखी एक गोळी घाला," लखमा म्हणाला.

"मुंडकं फोडू काय? का कातडं फाडू? आपोआप जाते." दौलतसिंग दगडावर बसून तळपायातला काटा काढू लागला.

"सुरा तं द्या. मी मोकळं करतो."

"राहू दे म्हनलं ना."

मग त्याने पानाचा डबा उघडला, पान जमवून खाल्लं आणि जवळ येऊन वितीने शिंगं मोजली. जिवंत सांबराची. मोजताना ते डोकं हलवू लागलं तेव्हा त्याने मानेवर गुडघा दिला. ऊन टेकडीच्या माथ्यावरून नाल्यात उतरलं तेव्हा कुठे ते थंड पडलं. लखमाने त्या दिवशी मला गूळ दिला नाही, आणि मला गुळाची आठवण झाली याची आजही लाज वाटते.

दुपारी कोंडवाड्याचं फाटक उघडलं. तीन वासरं उठलीच नाहीत. बाकीची ढोरं एकमेकांना तुडवत हौदावर पडली. आई बाहेर आली, माझ्या अगदी शेजारून गेली, पाण्यात नाकापर्यंत तोंड बुडवून पीत राहिली. तिने माझ्याकडे पाहिलं नाही. इतक्या तहानेत कोणी कोणाकडे पाहत नाही.

लखमा माझी दोरी धरून निघाला तेव्हा दौलतसिंग म्हणाला, "ढोरं ने. बैल इथंच राह्यन."

"मालक, असं नव्हतं ठरलं."

"बरं. मंग ढोरं परत आत घालतो."

लखमाने पिणाऱ्या ढोरांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. त्याने दोरी गड्याच्या हातात दिली. रामीबाई ओरडली, "अवो, भुऱ्या देऊन राह्यले तुमी? ज्यानं सोडवलं त्यालेच?" कळपाला हाकत, मागे न बघता लखमा निघून गेला. दुसरं तो काय करणार होता, हे मला समजतं. पण राग यायचा तो येतोच.

पुढची दहा-बारा वर्षं मी इजारदाराकडे काढली. तांड्यात पोटासाठी मारत होते, इथे भिंतीसाठी. पाहुणे आले की मला बाहेर काढत. गाभण माद्या, पाडसं, जे समोर येईल ते माझ्या पाठीवरून पडत गेलं. पाठीवर चट्टे पडले, तिथे पुन्हा केस आले नाहीत. "हा बैल नाई, माह्या भाऊ हाय," असं दौलतसिंग चारचौघांत म्हणायचा. घुंगरमाळ होती, सरकी होती, शिंगांना पितळी टोपणं होती. आणि मी खात होतो, मित्रांनो. कधी उपाशी राहिलो नाही, कधी अडून बसलो नाही.

मग दौलतसिंग वारला. त्याचा मुलगा धरमसिंग मोटारीतून शिकार करतो, त्याला बैलाच्या मागे वाकायला वेळ नाही. माझी घुंगरमाळ उतरली, टोपणं उतरली. मला वाड्यामागे उकिरड्याजवळ बांधलं. कधी कडबा मिळायचा, कधी गडी विसरायचे. एका डोळ्यात फूल पडलं आणि अंगाची हाडं मोजता येऊ लागली.

परवा रामीबाई आली होती. केस पांढरे झाले आहेत, लखमा गेल्याचं तिच्या कपाळावरून समजलं. तिने धरमसिंगपुढे पदर पसरला. "बैल आता तुमच्या काय कामाचा? मले द्या. मी पोसतो त्याले मरेपर्यंत."

धरमसिंग हसला. "कामाचा नाई कसा? नाल्यात वाघ येऊन राह्यला. त्याच्यापुढं चांगली म्हैस कायले बांधू?" आणि पुढे म्हणाला, "शनिवारी ये. जे उरंल ते घेऊन जाय."

आज शुक्रवार आहे. दुपारी गोविंदसिंग नावाच्या गड्याने मला नाल्यात आणून बेहड्याच्या झाडाला बांधलं. वाघासाठी असं जितं जनावर बांधतात, त्याला गारा म्हणतात. समोरच्या झाडावर मचाण तयार आहे. "चारा टाकू काय जी याले?" गोविंदसिंगने विचारलं. "कायले?" वरून धरमसिंग म्हणाला. "सकाळपर्यंत तं राह्यत नाई."

ऊन अजून आहे, तोवर सांगायचं ते सांगून घेतो. मित्रांनो, तुमच्या घरी बैल असेल तर त्याला कामाला लावा, खुशाल लावा. नांगराला जुंपा, गाडीला जुंपा. दमला की पाणी दाखवा, म्हातारा झाला की सावलीत बांधा. पण त्याला लबाडी शिकवू नका. ज्याच्यावर दुसऱ्या जिवाचा भरवसा आहे, त्याच्याआड लपून कोणाला मारू नका. मारणारे घरी जाऊन जेवतात. ते टेकलेलं तोंड बैलाच्या छातीवर राहतं.

उद्या रामीबाई येईल. ऊन असो, वारा असो, ती बोलल्याप्रमाणे येईल आणि येताना वाटेवर सगळ्यांना शिव्या देत येईल. माझी शिंगं काही फार मोठी नाहीत. ती भिंतीवर लावायला कोणाला नको असतील, तेव्हा ती तिला मिळतील.