हाड की दगड

तिसऱ्या दिवशी सकाळी बाबांची राख सावडायला सारसोळेच्या स्मशानात तिघंच होतो: नंदकिशोरकाका, त्यांचा मुलगा सनी आणि मी. खरं तर मी नकोच होते.

"बायका नाय येत सावडायला, उत्कर्षा," काका दारातच म्हणाले होते.

"वीस वर्षं कुणाकुणाची हाडं वेचतेय, काका. माझ्या बापाची तेवढी वेचायची नाहीत?"

काकांनी उगाच बराच वेळ चपला शोधल्या. "चल. पन काय येडंवाकडं केलंस, तर तडक घरी."

आदिमानवाची हाडं शोधणं हे माझं काम. नर्मदेच्या पुरानं गाळाखाली झाकलेलं हाड लाखो वर्षांत दगडासारखं होतं, आणि पुढे नदीच काठ कापू लागली की उघडं पडतं. तिथं आम्ही गुडघ्यांवर रांगतो. हत्तीची, गव्याची हाडं मला पुष्कळ मिळाली. माणसाचं एकही नाही. बाबा खाडीतून जाळी ओढून आले की फोन करायचे आणि चिडवायचे, "काय बाय, मानूस गावला का?"

राखेवर पाणी शिंपडून काका भराभर मोठी हाडं मडक्यात टाकू लागले. मला ते बघवेना. असं कुणी वेचतं का? मी गुडघे टेकले आणि बोटांनी राख चाळू लागले. नखाएवढा पांढरट तुकडा हाती लागला. खडा असेल, किंवा बाबा.

आणि सवयीनं घात केला. मी तो जिभेला लावला.

दगड जिभेला चिकटत नाही. हाडाला बारीक बारीक छिद्रं असतात, ते चिकटतं. हा चिकटला.

"ताई!" सनी ओरडला.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आता काका हाकलणार, आणि बाबांना नीट न वेचताच मला घरी जावं लागणार.

काका माझ्याशेजारी उकिडवे बसले. "दादा जेट्टीवर सगल्यांना सांगायचा, माजी पोर जिभेनं हाड वलखते. आमाला वाटायचं, फेकतोय."

मला रडू आवरेना. त्यांनी मडकं माझ्यापुढं सरकवलं.

"हाड हाय का दगड?"

"हाड."

"मग टाक. बाकीचं पन तूच बघ. आमाला काय कलतंय."

तुकडा मडक्यात ठेवताना मी हळूच म्हणाले, "गावला, बाबा."